मानेतल्या सहा गाद्या

सांगाडा शिकवताना वर्गात एक प्रश्न जरूर विचारून पाहावा. मानेत मणके किती? सात, हे पुस्तकातच असते. जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच असतात, हेही एखादा मुलगा सांगतो. मग दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, तर मानेत गाद्या किती? बहुतेक मुले सात म्हणतात. थोडा विचार करणारी आठ म्हणतात, कारण कवटी आणि पहिला मणका यांच्यामधली एक फट आणि सातव्या मणक्याखालची एक फट ती मोजतात. फटी आठ आहेत हे बरोबर. पण गाद्या सहाच आहेत. कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये गादी नाही, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमध्येही नाही. वरच्या सांध्यावर आपण मान हलवून 'हो' म्हणतो, खालच्या सांध्यावर 'नाही' म्हणतो. मान डावी-उजवीकडे जेवढी वळते त्यातले जवळजवळ निम्मे वळणे या गादी नसलेल्या एका सांध्यातच होते. गादी असती तर ते जमलेच नसते.

गादी हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की 'मणक्यातली गादी सरकली' असे कोणीही सहज म्हणतो. कापसाच्या मुलखात तर तो चपखल वाटतो. पण शब्दाने एक घोटाळा केला आहे. गादी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिंजलेल्या कापसाची, दाबली की दबणारी, जुनी झाली की कडक होणारी वस्तू येते. मणक्यामधली चकती तशी नाही. निदान कमरेतली चकती ही पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी असते, आणि मानेतली तर कमरेतल्यासारखीही नसते. ही दुसरी गोष्ट लक्षात यायला शरीरशास्त्राला १९९९ साल उजाडावे लागले. हा उशीर का झाला आणि त्याचा डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाशी काय संबंध, हे आपण पाहू या.

जालन्याच्या मोंढ्यात हंगामाच्या दिवसांत गेले तर पोत्यांच्या थप्प्या आणि त्यांच्यामधून वाकून जाणारे हमाल दिसतात. 'जालना सोने का पालना' ही म्हण या बाजारपेठेवरूनच पडली. मोंढ्यातला हमाल पोते बहुधा पाठीवर, मानेच्या बुडाशी घेतो. त्याचे बरेचसे वजन मानेला वळसा घालून थेट खांद्यांवर व पाठीवर उतरते. मानेला फक्त वाकलेल्या अवस्थेत डोके सावरून धरावे लागते. कमरेवर मात्र पुरा भार येतो. याच जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे काम वेगळे आहे. तोडलेल्या उसाची मोळी बांधून ती डोक्यावर घ्यायची आणि टेकवलेल्या फळीवरून चालत ट्रकमध्ये चढवायची. इथे वजन सरळ मानेतून खाली जाते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या बायांनी टँकरभोवती, विहिरींवर जे हंडे उचलले तेही डोक्यावरच. 'माथाडी' या शब्दातच माथा आहे.

आता थोडे गणित करू. आठवी-नववीची मुलेही हे करू शकतील. डोक्याचे वजन साधारण ५ किलो. मानेच्या मधल्या-खालच्या भागातल्या चकतीचा पृष्ठभाग अडीच चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जुन्या रुपयाच्या नाण्याएवढाही नाही. त्यावर नुसते डोके असेल तर दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम-भार पडतो. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण तेवढाच असतो. आता डोक्यावर ५० किलोंचे ओझे ठेवू. एकूण ५५ किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २२. यातला काही भाग मणक्यांच्या मागे असलेल्या छोट्या सांध्यांच्या जोड्या उचलतात, त्यामुळे चकतीवरचा खरा आकडा याहून कमी असेल. तरीही हा भार मणके सोसू शकतात. प्रयोगशाळेत मानेचे मणके दाबून पाहिले तर निरोगी प्रौढाचे मणके साधारण २०० किलोंच्या आसपास किंवा त्यापुढेच मोडतात.

म्हणजे सगळे ठीक? नाही. हे गणित ओझे मानेच्या बरोबर वर आहे असे धरून केले आहे. आता ओझे फक्त ५ सेंटिमीटर पुढे सरकले असे समजा. पाय अडखळला, फळी हलली, मोळीचा एक टोकाकडचा ऊस निसटला, एवढे पुरे. तरफेचा नियम मुलांना माहीत आहे. कवटी आणि पहिला मणका यांचा सांधा हे पहिल्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण म्हणून आपण शिकवतोच. टेकूच्या पुढे ५ सेंटिमीटरवर ५० किलो आहेत. टेकूच्या मागे मान ताणून धरणारे स्नायू आहेत आणि त्यांची भुजाही साधारण तेवढीच, ५ सेंटिमीटरच्या आसपास. मग स्नायूंना ५० किलोंचाच जोर लावून मागे ओढावे लागेल. टेकूवर येणारा भार मात्र दोन्हींची बेरीज असतो. ओझे ५०, स्नायूंची ओढ ५० आणि डोके ५, मिळून १०५ किलो. ओझे एक किलोनेही वाढले नाही, फक्त चार बोटेही नाही इतके सरकले, आणि मणक्यांवरचा भार जवळजवळ दुप्पट झाला. आणखी ५ सेंटिमीटर सरकले तर ४९ न्यूटन-मीटर एवढे परिबल तोलावे लागेल, आणि धडधाकट पुरुषाच्या मानेच्या स्नायूंची कमाल ताकद त्याच्याच आसपास असते. त्यापुढे मान दगा देते. जड ओझे वाहणारी माणसे मान ताठ, नजर समोर आणि चाल संथ ठेवतात त्यामागे हे गणित आहे. चुंबळीचे कामही तेच. ती डोक्याला मऊ लागते हे खरे, पण तिचा मोठा उपयोग हंड्याचा भार डोक्याच्या मधोमध रोखून धरण्यासाठी होतो.

आता इतिहासाकडे वळू. सुश्रुतसंहितेत शरीरातली हाडे ३०० सांगितली आहेत आणि त्यांतली ९ मानेत. आजच्या सातपेक्षा दोन जास्त. यावरून प्राचीनांना हसण्याचे कारण नाही. सुश्रुताने प्रेत पाण्यात कुजवून, थर खरवडून पाहण्याची पद्धत दिली आहे आणि त्याच्या मोजणीत कूर्चा व दात हेही हाडांतच येतात. कूर्चेला हाड म्हणायचे की नाही, हा प्रश्न मणक्यांमधल्या चकतीपाशी येऊन सगळ्यांनाच अडवतो. युरोपात १५४३ साली व्हेसेलियसचा शरीररचनेवरचा प्रचंड ग्रंथ निघाला, त्यात मणक्यांच्या मधल्या चकत्या व्यवस्थित दिसतात. पण पुढची तीनशे वर्षे त्यांच्याकडे जोडणारा मालमसाला यापलीकडे कोणी फारसे पाहिले नाही.

जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये शरीररचनाशास्त्र शिकवणारा हुबर्ट फॉन लुश्का याने १८५८ साली 'अर्धसांध्यां'वर एक पुस्तक काढले. सांधा म्हणजे जिथे दोन हाडांमध्ये पोकळी असते आणि ती एकमेकांवर सरकतात. चकती असलेल्या ठिकाणी हाडे चिकटलेली असतात, सरकत नाहीत. लुश्काने दाखवले की मानेतल्या मणक्यांच्या वरच्या पृष्ठभागाला दोन्ही बाजूंना ओठासारख्या उभ्या कडा असतात, आणि त्या कडांपाशी चकतीमध्ये फटी असतात. म्हणजे मानेतली चकती धड सांधाही नाही आणि धड चिकटलेली जोडणीही नाही. शास्त्रज्ञ त्या जागांना अजून लुश्काचे सांधे म्हणतात. कमरेत असे काही नसते. मान कमरेपेक्षा वेगळी आहे याचा हा पहिला ठळक पुरावा. पण तो विसाव्या शतकात बाजूला पडला, कारण मधल्या काळात सगळ्यांचे लक्ष कमरेने खेचून घेतले.

ड्रेस्डेनच्या गेऑर्ग श्मोर्लने विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या भागात शवविच्छेदनात मिळणारे हजारो पाठकणे उभे चिरून पाहिले. चकतीतला मऊ गाभा मणक्यात घुसलेला त्याला वारंवार दिसला. असाच एक कणा तपासताना बोटाला इजा होऊन जंतुसंसर्ग झाला आणि १९३२ साली तो गेला. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. त्याच सुमारास शल्यचिकित्सकांना मेरुरज्जूला दाबणारे कूर्चेसारखे गोळे सापडत होते. अमेरिकेत बायरन स्टूकीने १९२८ साली मानेतल्या अशा गोळ्यांचे नेमके वर्णन केले. हात लुळा पडतो, पाय कडक होतात, हे त्याने बरोबर टिपले. निदान मात्र चुकले. त्याने त्यांना कूर्चेच्या गाठी, म्हणजे नव्याने वाढलेले अर्बुद समजले. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली आपला प्रसिद्ध लेख छापला. काढून टाकलेले जुने गोळे सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासल्यावर ती गाठ नसून फुटून बाहेर आलेली चकती आहे हे त्यांच्या ध्यानात आले. 'गादी सरकली' हे निदान खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मले. चूक सुधारायला नवे यंत्र लागले नाही, जुने नमुने नव्या शंकेने पाहावे लागले. वर्गात सांगावी अशी ही गोष्ट आहे.

मिक्स्टर-बार यांच्या रुग्णांत मानेचेही काही होते, पण गाजली ती कंबर. तरी १९४३ साली सेमेस आणि मर्फी यांनी एक लक्षात राहण्यासारखी गोष्ट लिहिली. मानेतल्या खालच्या गादीने चेतामूळ दाबले की दुखणे खांदा, छाती आणि हातात उतरते, आणि ते हृदयविकाराच्या कळेसारखे भासते. हे का होते ते समजण्यासाठी पुन्हा मोजणी करावी. मानेत मणके सात, गाद्या सहा, पण चेतांच्या जोड्या आठ. पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून निघते, आठवी सातव्याच्या खालून. बिघाड बहुधा पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या दरम्यान होतो, कारण पुढे-मागे वाकण्याची हालचाल तिथे सर्वांत जास्त असते. तिथून निघणाऱ्या सहाव्या-सातव्या चेता अंगठा आणि मधल्या बोटांपर्यंत जातात. बोटांना मुंग्या आणि दोष मानेत, असे रुग्णाला न पटणारे निदान इथून येते.

१९५२ साली लंडनच्या ब्रेन, नॉर्थफील्ड आणि विल्किन्सन यांनी आणखी एक भेद स्पष्ट केला. एकाएकी फुटलेली मऊ गादी वेगळी आणि वर्षानुवर्षे झिजून, कडांना हाडाचे कंगोरे येऊन मेरुरज्जूची वाट अरुंद करणारी अवस्था वेगळी. आपल्याकडे ज्याला सरसकट 'स्पाँडिलायटिस' म्हणतात ती ही दुसरी. पुढच्या काही वर्षांत शस्त्रक्रियेचीही दिशा बदलली. तोवर मानेवर मागून शस्त्र चालवत. पण मागून गेले तर वाटेत मेरुरज्जू येतो आणि गादी त्याच्या पुढे असते. १९५५ ते १९५८ च्या दरम्यान बाल्टिमोरमध्ये रॉबिन्सन व स्मिथ आणि होनोलुलूत क्लॉवर्ड यांनी स्वतंत्रपणे गळ्याच्या पुढून, श्वासनलिका व अन्ननलिका बाजूला सारून गादीपर्यंत जाण्याची रीत बसवली. कमरेत हे इतके सोपे नाही, मध्ये सगळे पोट येते. मानेचे वेगळेपण शल्यचिकित्सकांना असे हाताने कळले, बुद्धीने कळायला वेळ लागला.

याच काळात अभियंते या विषयात आले. स्वीडनच्या आल्फ नाखेमसनने १९६० पासून कमरेच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला, पुढे जिवंत माणसांतही मोजला. गाद्यांवर केलेल्या प्रयोगांत त्याला आढळले की वरून येणारा भार भागिले क्षेत्रफळ यापेक्षा आतला दाब सुमारे दीडपट असतो, कारण मधला गाभा द्रवासारखा वागतो आणि त्याला घट्ट आवळून धरणारे तंतुमय कडे सभोवती असते. पास्कलचा नियम शरीरात चालताना पाहायचा तर हे उत्तम उदाहरण. गाभ्यातले पाणी दिवसभराच्या भाराने थोडे थोडे पिळून निघते आणि रात्री आडवे झाले की परत शोषले जाते. १९३५ सालीच दे पुकी याने दाखवले होते की माणसाची उंची सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरासरी एक टक्क्याने घटते. हा प्रयोग शाळेत करता येतो. भिंतीला पट्टी लावून, त्याच मुलाची त्याच जागी, झोपेतून उठल्यावर आणि संध्याकाळी उंची मोजायची. दीड मीटर उंचीच्या मुलात एक-दीड सेंटिमीटरपर्यंत फरक मिळायला हरकत नाही. गादीला रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषणही या पाण्याच्या ये-जेवर आणि मणक्याच्या पृष्ठभागातून झिरपणाऱ्या द्रवावर चालते.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात काम करणारे भारतीय वंशाचे अभियंते मनोहर पंजाबी यांनी शल्यचिकित्सक ऑगस्टस व्हाइट यांच्यासह १९७८ साली पाठकण्याच्या यांत्रिकीवर पुस्तक लिहिले. ते या विषयाचे पाठ्यपुस्तकच ठरले. १९९२ साली पंजाबींनी मांडलेली एक कल्पना मला फार उपयोगी वाटते. कणा स्थिर राहतो तो तीन गोष्टींमुळे: हाडे-गाद्या-बंध, स्नायू, आणि स्नायूंना वेळेवर हुकूम देणारी चेतासंस्था. सुट्या मानेच्या कण्यावर स्नायू नसतील तर तो डोक्याचे वजनही सरळ पेलू शकत नाही, वाकून मोडतो. वरच्या आपल्या गणितातले २०० किलो हे एकेका जोडीचे झाले. आख्खी मान म्हणजे सात वाट्या एकावर एक रचलेला लवचीक मनोरा आहे आणि त्याला चारी बाजूंनी दोर बांधलेले असले तरच तो उभा राहतो.

पण एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नव्हती. गाभा आणि त्याला सर्व बाजूंनी आवळणारे कडे हे कमरेच्या गादीचे चित्र, आकार लहान करून, मानेच्या प्रकरणात जसेच्या तसे छापले जात होते. ऑस्ट्रेलियातल्या निकोलाय बोग्डुक यांच्यासह सुझन मर्सर यांनी प्रौढ माणसांच्या मानेच्या गाद्या सूक्ष्म विच्छेदनाने थरथर उलगडून पाहिल्या आणि १९९९ साली निष्कर्ष छापले. मानेतल्या गादीचे कडे हे कडे नाहीच. पुढच्या बाजूला ते जाड, चंद्रकोरीसारखे आहे. बाजूंना पातळ होत नाहीसे होते. मागे उभ्या तंतूंचा केवळ एक पातळ पडदा आहे. मधला गाभा मुलांमध्ये मऊ असतो, पण प्रौढात तो तंतुमय कूर्चेचा गोळा झालेला असतो. लुश्काने पाहिलेल्या फटी लहानपणी नसतात, वाढत्या वयात बाजूंना उघडतात आणि प्रौढपणी मागच्या भागात आडव्या पसरतात. म्हणजे वय झाल्यामुळे चिरली असे वाटणारी गादी प्रत्यक्षात मान वळता यावी म्हणून निसर्गाने फाडलेली असते. वरचा मणका खालच्यावर, खोगिरात बसल्यासारखा, पुढच्या चंद्रकोरीभोवती फिरतो. लुश्काचे बरोबर होते. त्याला १४१ वर्षे थांबावे लागले.

मग डोक्यावरच्या ओझ्याचे काय? त्यावर जे काम झाले ते बहुतेक आफ्रिकेत. तेव्हाच्या ऱ्होडेशियातल्या सॉल्सबरी शहरातले शल्यचिकित्सक लेव्ही यांनी १९६८ साली 'हमालाची मान' असे नाव देऊन डोक्यावर जड ओझे असताना होणाऱ्या मानेच्या व मेरुरज्जूच्या इजांचे वर्णन केले. १९८६ साली केनियात मालोइय आणि सहकाऱ्यांनी लुओ व किकुयू स्त्रियांना चालत्या पट्ट्यावर चालवून त्यांचा प्राणवायूचा वापर मोजला. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत ओझे डोक्यावर असताना त्यांना जादा ऊर्जा लागतच नव्हती. हा निष्कर्ष जगभर गाजला, आणि डोक्यावर ओझे घेणे ही जणू देणगीच आहे असे लिहिले गेले. ते लिहिणाऱ्यांनी ऊर्जा मोजली होती, मान नव्हे. १९९७ साली पश्चिम आफ्रिकेत डोक्यावर ओझे वाहणाऱ्या ३५ जणांची क्ष-किरण चित्रे न वाहणाऱ्या ३५ जणांशी ताडून पाहण्यात आली, तेव्हा मणक्यांची झीज वाहणाऱ्यांत कितीतरी जास्त आढळली. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात ती फुकटची ऊर्जाबचतही सर्वसाधारणपणे दिसली नाही. पाणी वाहून आणणाऱ्या बायकांत मानदुखी किती, याचे अभ्यासही त्याच दशकात तिथेच सुरू झाले. आपल्या मराठवाड्यात हंड्यांना तोटा नव्हता.

ओझे किती असावे यावर कायदे आधी आले, मानेचे शास्त्र नंतर. कारखान्यांसाठीच्या १९४८ च्या कायद्यात इजा होईल इतके जड ओझे कोणाला उचलायला लावू नये, असे ३४ वे कलम होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ठराव व शिफारस मंजूर केली. शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात पुण्याला बाबा आढावांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडी संघटना यांनी चळवळी केल्या आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्याने मंडळे आणली, मजुरी व भविष्यनिर्वाह निधीची सोय केली. पोत्याचे वजन हा वेगळा लढा होता. शंभर किलोंचे, म्हणजे क्विंटलचे पोते हाच पूर्वी व्यवहार होता, कारण हिशेबाला ते सोपे पडते. सरकारी धान्यातही ९५ किलोंची पोती चालत. ती जाऊन ५० किलोंची आली.

आणि ५० हा आकडा तरी कुठून आला? अमेरिकेतल्या श्रमसुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने १९९१ साली सुधारलेले एक सूत्र जगभर वापरले जाते. त्यात उत्तमोत्तम परिस्थितीतही २३ किलोंपेक्षा जास्त वजन हातांनी उचलू नये असे येते. ते सूत्र कमरेच्या शेवटच्या गादीवर ३४०० न्यूटनपेक्षा जास्त भार येऊ नये या अटीवर बेतलेले आहे. डोक्यावरच्या ओझ्याचा, मानेचा त्यात विचारच नाही. त्या देशांतल्या गोदामांत कोणी डोक्यावर काही नेत नाही, मग सूत्रात मान येणार कशाला? थोडक्यात, मानेच्या गादीचे चित्र कमरेवरून उतरवले तसेच ओझ्याचे आकडेही कमरेवरूनच घेतले गेले. वर केलेल्या गणितावरून दिसते की मानेच्या बाबतीत पोत्याचे वजन हा अर्धाच प्रश्न आहे. दुसरा अर्धा तोल जाण्याचा आहे: फळी किती रुंद, तिचा उतार किती, तिच्यावर चिखल आहे का, मोळी किती लांब. वजन निम्मे करणे आणि फळीला आडव्या पट्ट्या ठोकणे यांची मानेपुरती किंमत सारखीच निघू शकते, आणि दुसऱ्या कामाला एक सुतार पुरतो.

यात एक अडचण आहे. एखाद्या ओझेवाल्याच्या मानेचे क्ष-किरण चित्र काढले आणि त्यात झीज दिसली, तर ती ओझ्यानेच झाली असे म्हणता येईल का? बोडेन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मानेची काहीही तक्रार नसलेल्या ६३ माणसांची चुंबकीय प्रतिमा काढून तज्ज्ञांना दाखवली. चाळिशीच्या आतल्या १४ टक्क्यांत आणि त्यापुढच्या २८ टक्क्यांत मोठा दोष दिसला. गादीची झीज म्हणावी तर चाळिशीपुढच्या जवळजवळ ६० टक्क्यांत होती. आणि ही माणसे दुखत नाही म्हणत होती. तेव्हा एकट्या चित्रावरून कोणाचा दावा मंजूर किंवा नामंजूर करणे दोन्ही बाजूंनी अन्यायाचे. पश्चिम आफ्रिकेतल्या अभ्यासासारखी, वाहणारे आणि न वाहणारे यांची शेजारी शेजारी तुलनाच इथे उपयोगी पडते.

वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यातला एक मोठा पक्ष मुंबईत आहे. परळच्या केईएम रुग्णालयात चेताशल्यविभागाचे अनेक वर्षे प्रमुख असलेले डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली लाहेरी यांच्यासह पहिला आणि दुसरा मणका पट्टी व स्क्रूने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्या कोड्यातला गादी नसलेला सांधा तो हाच. तिथे मणके निसटले तर मेरुरज्जू थेट चिरडतो. ही पद्धत थोड्याफार फरकाने जगभर वापरली जाते. त्या सांध्यावर इतकी वर्षे काम केल्यावर, २०१० नंतर, गोयल यांनी खालच्या मानेबद्दलही उलटा विचार मांडला. गादी सुकते, मग मणके जवळ येतात, मग कंगोरे वाढतात, हा मिक्स्टर-बार यांच्यापासूनचा क्रम त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते उभे राहणाऱ्या प्राण्याचे मानेमागचे स्नायू थकतात, मागचे छोटे सांधे एकमेकांवर सरकू लागतात, आणि गादीची झीज व कंगोरे हा त्याचा परिणाम आहे. कंगोरे तर सैल झालेली मान घट्ट करण्याचा शरीराचाच प्रयत्न असावा. म्हणून ते गादी किंवा कंगोरे न काढता फक्त मागचे सांधे पक्के करतात. पुष्कळ शल्यचिकित्सकांना हे पटलेले नाही. दाबलेला मेरुरज्जू मोकळा केल्याशिवाय कसे चालेल, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण ओझे वाहणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर या वादात एक गोष्ट दडली आहे. गोयल बरोबर असतील तर मानेचे पहिले नुकसान ओझ्याच्या दाबाने नव्हे, थकलेल्या स्नायूंमुळे होते, आणि मग एका खेपेत किती किलो यापेक्षा एका दिवसात किती खेपा आणि मध्ये किती विश्रांती हे मोजावे लागेल. उसाच्या फडात ट्रक भरण्याची वेळ बहुधा रात्रीची किंवा पहाटेची असते, दिवसभराच्या तोडणीनंतरची.